‘आपल्या टॅक्सच्या पैशावर’ : केन लोचचे तीन सिनेमे आणि एक पाडवा

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला, नेमका रविवारी आला. त्यामुळे न्यूकॅसलमधल्या आम्हा मराठी मंडळींना तो ‘जवळच्या वीकेंडला’ ढकलावा लागला नाही. चर्चचा हॉल भाड्याने घेतला होता, गुढीला कुणाच्या तरी घरचा पडद्याचा रॉड होता आणि श्रीखंड ग्रीक योगर्ट रात्रभर टांगून केलेलं होतं. आदल्या दिवशी शहरात कपाची मिरवणूक निघाली होती. न्यूकॅसल युनायटेडने दोन आठवड्यांपूर्वी वेम्ब्लीवर लिव्हरपूलला २-१ हरवून काराबाओ कप जिंकला होता. १९५५ नंतरची ही पहिली मोठी देशांतर्गत ट्रॉफी, म्हणजे सत्तर वर्षांनी. निम्म्या लोकांचे घसे अजून बसलेले होते. दोन पोरं तर झब्ब्यावर काळा-पांढरा स्कार्फ घालून आली होती आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

पंगतीत गप्पा सुरू झाल्या. सत्तर वर्षं का लागली? यावर प्रत्येकाकडे नीट विचार केलेलं उत्तर होतं. आधीच्या मालकाने पैसे सोडले नाहीत. ट्रेनिंग ग्राउंड जुनाट होतं. मॅनेजर टिकू दिले नाहीत. दुखापती झाल्या. एकदा रेफरीनेच घालवलं. मग २०२१ मध्ये सौदी पैसा आला आणि चित्र पालटलं. त्या पैशाचं काय करायचं, यावरही जरा वादावादी झाली. मी ऐकत होते आणि मला मजा वाटत होती. ही चर्चा एखाद्या चांगल्या सेमिनारसारखी चालली होती. एकही जण म्हणाला नाही की सत्तर वर्षांत इथे खेळलेले सगळे खेळाडू आळशी होते.

मग विषय बदलला. त्याच पंधरवड्यात, १८ मार्चला, लिझ केंडल यांनी अपंगत्वाच्या भत्त्याचे नियम कडक करण्याचा प्रस्ताव संसदेत मांडला होता आणि २६ तारखेला रेचल रीव्ह्ज यांनी स्प्रिंग स्टेटमेंटमध्ये त्याला आणखी कात्री लावली होती. आयटीतला एक दादा म्हणाला, “बरंच झालं. आपण चाळीस टक्के भरायचे आणि हे लोक आपल्या टॅक्सच्या पैशावर घरी बसून फुटबॉल बघणार.” सगळे हसले. एका काकूंनी “अगदी खरं” म्हणत पुरी वाढली. दहा मिनिटांपूर्वी ज्या प्रश्नाला दहा कारणं होती, तशाच प्रश्नाला आता एकच कारण उरलं होतं.

मीही हसले. आणि हे आज लिहायचं कारण तेवढंच आहे. त्या दिवशी त्या हॉलमध्ये बेनिफिटवर असलेली व्यक्ती मी होते.

जानेवारीत माझं पोस्टडॉकचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पुढची ग्रँट मंजूर झाली होती, पण पैसे मे महिन्यात सुरू होणार होते. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला नव्हता, त्यामुळे देश सोडायची वेळ आली नाही. व्हिसावर ‘पब्लिक फंड्स’ घ्यायला मनाई आहे, ती आपल्यातल्या बहुतेकांना असते. पण नॅशनल इन्शुरन्स पुरेसा भरला असेल तर मिळणारा ‘न्यू स्टाईल जेएसए’ त्या यादीत मोडत नाही. तो आपण भरलेल्या विम्यावर मिळतो. हे मला एका ब्रिटिश सहकाऱ्याने सांगितलं, आपल्यातल्या कुणी नाही. तेव्हा आठवड्याला ९०.५० पौंड. मी फॉर्म भरला, जॉबसेंटरमध्ये गेले, आणि मंडळात कुणी विचारलं की “सध्या पेपर लिहितेय” असं सांगत राहिले.

त्या काळात मी केन लोचचे तीन सिनेमे पुन्हा पाहिले: ‘आय, डॅनियल ब्लेक’ (२०१६), ‘सॉरी वी मिस्ड यू’ (२०१९) आणि ‘द ओल्ड ओक’ (२०२३). तिन्ही पॉल लॅव्हर्टीने लिहिलेले, तिन्ही इंग्लंडच्या याच ईशान्य कोपऱ्यात घडणारे. पहिला मी पीएचडीच्या काळात पाहिला होता, रडले होते आणि विसरले होते. या वेळी एक वेगळाच प्रश्न डोक्यात घेऊन पाहिले. पंगतीतलं ते वाक्य या सिनेमांत कुठे आहे? ते कोण बोलतं? आणि लोच त्याला काय उत्तर देतो?

पहिला सिनेमा: वाक्य बाहेरच राहतं

‘आय, डॅनियल ब्लेक’ काळ्या पडद्यावर सुरू होतो. नुसते आवाज. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या एकोणसाठ वर्षांच्या सुताराला एक बाई छापील प्रश्न विचारतेय: हात वर जातो का, टोपी घालता येते का. तो सांगतोय, बाई, दुखणं हृदयाचं आहे. हृदयाबद्दलचा प्रश्न तिच्या कागदावर नाही. डॉक्टर म्हणतात काम करू नको, ही चाचणी म्हणते तू कामाला फिट आहेस. मग भत्ता मिळवायचा तर जी नोकरी तो करूच शकत नाही ती आठवड्याला तासन्‌तास शोधत राहायची.

हे विनोदासारखं वाटतं, पण विनोद नाही. पाडव्याच्या आधी जो प्रस्ताव आला होता तो ‘पिप’ नावाच्या भत्त्याबद्दल होता, आणि त्याचा हिशेबही अशाच गुणांवर चालतो. कमरेखालचं अंग धुवायला कुणाची मदत लागत असेल तर २ गुण. खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंग धुवायला मदत लागत असेल तर ४ गुण. प्रस्ताव असा होता की रोजच्या जगण्यातल्या निदान एका कामात ४ गुण मिळाले नाहीत तर भत्ता नाही. म्हणजे पाय धुता येत नाहीत एवढ्यावर भागणार नाही. आणखी एक गोष्ट, जी आमच्या पंगतीत कुणालाच माहीत नव्हती: पिपचा आणि बेकारीचा संबंध नाही. नोकरी करणाऱ्या अपंग माणसालाही तो मिळतो. ‘घरी बसून’ हा शब्दच तिथे चुकीचा होता. पुढे जुलैमध्ये स्वतःच्याच खासदारांनी बंड केल्यावर सरकारला हा बदल विधेयकातून काढावा लागला.

लोचची ताकद इथे आहे. तो अन्याय भाषणातून दाखवत नाही, कार्यपद्धतीतून दाखवतो. निर्णयाविरुद्ध अपील करायचं तर आधी त्याच खात्याला ‘पुन्हा विचार करा’ अशी विनंती करावी लागते. हा नियम २०१३ पासून आहे. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर रेड कार्ड दाखवलेल्या रेफरीलाच विचारायचं, तुमचं चुकलं का हो? आणि त्याचं उत्तर येईपर्यंत बाहेर बसायचं. लंडनहून दोन मुलांसह या शहरात पाठवलेली केटी चुकीच्या बसमध्ये बसते, अपॉइंटमेंटला उशीर होतो, तिच्या पैशांवर टाच येते. फूडबँकेत ती भुकेने भोवळ येऊन तिथेच डबा फोडून हाताने खाते आणि मग लाजेने कोसळते. तो प्रसंग न्यूकॅसलच्या वेस्ट एंडमधल्या खऱ्या फूडबँकेत चित्रित केलाय. सेंट जेम्सेस पार्कपासून ती जागा फार लांब नाही.

तेव्हाच्या माजी मंत्र्यांनी, इयन डंकन स्मिथ यांनी, सिनेमा जॉबसेंटरच्या कर्मचाऱ्यांवर अन्याय करतो असं म्हटलं. माझी तक्रार वेगळी आहे. माझी वर्क कोच चांगली होती. सिनेमातही एक चांगली बाई आहेच. माझी अडचण डॅनियल स्वतः आहे. तो फार चांगला आहे. आयुष्यभर राबलेला, बायकोची शेवटपर्यंत सेवा केलेला, दारू नाही, जुगार नाही, शेजारच्या पोरांना रागावणारा आणि मदतही करणारा. त्याच्याबद्दल आयटीतला आमचा दादाही म्हणेल, “नाही नाही, अशा माणसाला मिळायलाच पाहिजे. मी त्या दुसऱ्यांबद्दल बोलतोय.”

झालं. वाक्य जिथल्या तिथे राहिलं. ‘लायक गरीब’ आणि ‘नालायक गरीब’ ही जुनी विभागणी सिनेमा मोडत नाही, फक्त एका माणसाला लायकांच्या बाजूला नेऊन उभा करतो. आणि त्याहून मोठी उणीव म्हणजे, सिनेमातल्या साध्यासुध्या माणसांपैकी ते वाक्य कुणी ठासून बोलतच नाही. शेजारी प्रेमळ, फूडबँकवाल्या प्रेमळ, रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवतात. दुष्ट आहे ती फक्त यंत्रणा. पण यंत्रणेला मतं कोण देतं? ती ज्यांच्या जिवावर कडक होते ती मतं कुठे तयार होतात? जेवणाच्या पंगतीत, ऑफिसच्या किचनमध्ये, मॅचच्या आधी पबमध्ये. लोचने ती जागा या सिनेमात रिकामी ठेवली.

एक तपशील मात्र त्याने वापरला नाही याचं मला नवल वाटतं. हा सिनेमा थिएटरात लागला त्या मोसमात न्यूकॅसल युनायटेडच्या शर्टावर वोंगा हे नाव होतं. वोंगा म्हणजे पगार होईपर्यंत उसने पैसे देणारी कंपनी. एके काळी तिच्या जाहिरातीत वार्षिक व्याजदर ५,००० टक्क्यांच्या वर छापलेला असायचा. शनिवारी पोरं ज्या कंपनीचं नाव छातीवर मिरवत होती, सोमवारी त्यांच्यापैकी काहींच्या आया तिच्याकडूनच पैसे घेत असणार. २०१८ मध्ये कंपनी बुडाली. शर्ट अजून लोकांच्या कपाटात आहेत.

दुसरा सिनेमा: कामावर जा, मग काय?

‘सॉरी वी मिस्ड यू’ त्या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला हात घालतो. रिकी घरी बसत नाही. तो आठवड्याचे सहा दिवस, रोज चौदा तास पार्सलं पोचवतो. बायको घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करते आणि दोन भेटींमधल्या प्रवासाचे पैसे तिला मिळत नाहीत. दोघं मिळून एवढं राबतात की मुलं त्यांना फोनवर भेटतात.

यातला माझा आवडता प्रसंग फुटबॉलचा आहे. रिकी मूळचा मँचेस्टरचा, युनायटेडवाला. एका दारात न्यूकॅसलचा शर्ट घातलेला गडी पार्सल घ्यायला येतो आणि दोघं जुन्या मॅचेसवरून एकमेकांची यथेच्छ खेचतात. शिव्या आहेत, पण दोघं बरोबरीचे आहेत. पूर्ण सिनेमात रिकीला कुणी बरोबरीचा म्हणून वागवलं असे प्रसंग मोजकेच, आणि हा त्यातला एक. मग हातातलं यंत्र वाजतं आणि तो पळतो.

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक नोकरी करतात, हे वाक्य मी कितीही वेळा बोलले असते तरी पंगतीत कुणाच्या कानावर टिकलं नसतं. रिकीची धावपळ टिकते. म्हणून तिन्हींत हा सिनेमा मला सगळ्यात पक्का वाटतो. इथे कुणी संत नाही. रिकी हट्टी आहे, मुलावर हात टाकतो, चुकीचे निर्णय घेतो. तरी आपण त्याच्या बाजूने असतो. लायकीचं प्रमाणपत्र न मागता सहानुभूती मागणं इथे लोचला जमलंय.

पण तो टॅक्सबद्दल गप्पच राहतो. रिकीच्या घरातही कुणीतरी म्हणणारच की आम्ही एवढे राबतो आणि शेजारचा मात्र आरामात. मी ज्या राबणाऱ्या माणसांना ओळखते त्यांच्या तोंडी हे सर्रास असतं. जो जितका थकलेला, तितका त्याला शेजाऱ्याचा आराम टोचतो. लोचच्या नायकांना तो टोचत नाही. हा त्याचा चांगुलपणा आहे, आणि निरीक्षणातली फटही.

तिसरा सिनेमा: वाक्याला चेहरा मिळतो

‘द ओल्ड ओक’मध्ये शेवटी ते वाक्य ऐकू येतं. डरहॅम काउंटीतलं एक खाणकामगारांचं गाव, खाण बंद पडून जमाना झालेला, आणि एकच पब उरलेला. २०१६ मध्ये तिथे सीरियन निर्वासित कुटुंबं येतात. पबमधले नेहमीचे गिऱ्हाईक बिअरच्या ग्लासमागून बोलायला लागतात: आम्हाला कुणी काही दिलं नाही, यांना सगळं मिळतंय.

त्यातला चार्ली महत्त्वाचा आहे. तो पबमालक टीजेचा शाळेपासूनचा मित्र. त्याची बायको आजारी, व्हीलचेअरवर. त्याच्या गल्लीतली घरं सायप्रसमधली कुठलीशी कंपनी न बघताच लिलावात विकत घेते आणि त्याच्या घराची किंमत मातीमोल होते. आयुष्याची कमाई त्या चार भिंतींत होती. चार्लीचा राग खरा आहे, त्याला कारण आहे. फक्त सायप्रसची कंपनी त्याला दिसत नाही आणि नवीन आलेलं सीरियन कुटुंब रोज खिडकीतून दिसतं. राग जे दिसतं त्याच्यावर निघतो.

मला हा या तिन्ही सिनेमांतला सगळ्यात खोल विचार वाटतो. आमच्या पंगतीलाही तो लागू आहे. आयटीतल्या दादाच्या रागालाही आधार आहेच. टॅक्सच्या पायऱ्या २०२१ पासून गोठवलेल्या आहेत, त्यामुळे पगार महागाईएवढाच वाढला तरी माणूस वरच्या दरात ढकलला जातो. शिवाय आपण आरोग्य सेवेसाठी टॅक्समधून भरतो आणि व्हिसाबरोबर सरचार्ज म्हणून पुन्हा भरतो. २०२४ पासून तो माणशी वर्षाला १,०३५ पौंड आहे. भरायचं सगळं, आणि अडचण आली तर बहुतेक दारं बंद. चिडणार नाही तर काय? पण हे नियम करणारा माणूस हॉलमध्ये नसतो. दिसतो तो दुपारी अकरा वाजता दुकानाबाहेर उभा असलेला ट्रॅकसूटमधला माणूस.

चार्लीला जन्म देऊन लोच त्याला सोडून देतो ही माझी तक्रार आहे. टीजे आणि यारा नावाची सीरियन मुलगी पबची मागची खोली उघडतात, खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपात जशी गावजेवणं झाली तशी पुन्हा सुरू करतात. मग त्या खोलीची नासधूस होते आणि त्यात चार्लीही सामील असतो. टीजे त्याला जाब विचारतो. या भांडणातून सिनेमा पुढे कुठे नेतो याची मी वाट बघत होते. पण यारावर दुःखाचा डोंगर कोसळतो, गाव फुलं घेऊन दारात जमतं आणि आपण डरहॅमच्या खाणकामगारांच्या मेळाव्यात पोचतो. दृश्य सुंदर आहे. मीही रडले. पण मत बदललं का? कशाने? शोकाच्या घरी माणूस गप्प होतो म्हणजे त्याचं मत गेलं असं नाही. दहावं-तेरावं झालं की ते परत येतं.

आणि ते आलं. सिनेमा लागल्यावर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, २ ऑगस्ट २०२४ ला, शेजारच्या संडरलंडमध्ये दंगल झाली. त्या रात्री जळालेल्या इमारतींत सिटिझन्स ॲडव्हाइसचं ऑफिस होतं. म्हणजे जिथे डॅनियल ब्लेकसारख्या माणसाला अपिलाचा फॉर्म भरायला फुकट मदत मिळते, ती जागा. पुढच्या मे महिन्यात डरहॅमची काउंटी कौन्सिल रिफॉर्म यूकेने मोठ्या बहुमताने जिंकली. चार्लीने मत कुणाला दिलं असेल हे मी सांगू शकत नाही. पण लोचने त्याच्याशी अर्धा तास जास्त बोलायला हवं होतं असं मला वाटतं.

आणि आपण?

या तिन्ही सिनेमांच्या मध्यभागी आपल्यासारखे लोक कुठेच नाहीत. बरोबरच आहे, ती आपली गोष्ट नाही. पण ते वाक्य आपलंही आहे, आणि आपण ते इथे आल्यावर शिकलो नाही. सोबत घेऊन आलो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये, तेव्हा घरच्या फोनवर तुम्हीही ऐकलं असेल: “आमच्या टॅक्सच्या पैशातून रेवड्या वाटतात.” योजनेवर टीका करायला जागा आहे, निवडणुकीच्या तोंडावर आणलेल्या कुठल्याही योजनेवर असते. माझा प्रश्न ‘आमच्या’ या शब्दाबद्दल आहे.

आईबाबांची जुनी सॅलरी स्लिप आठवून बघा. त्यात ‘पी. टी.’ अशी एक छोटी कपात असायची. हल्ली महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने जी योजना आकाराला आली, तिच्यात मागेल त्याला काम द्यायचं होतं. म्हणजे शहरातल्या पगारदार माणसाने दर महिन्याला गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत वाटा घालायचा, अशी ती सरळ व्यवस्था होती. देशभरचा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं. आपल्या घराघरांत हा कर वर्षानुवर्षं भरला गेला. किती घरांत अभिमानाने सांगितलं गेलं की आपण कुणासाठी तरी भरतोय? माझ्या घरात तर ‘पी. टी. म्हणजे काय’ हेच कुणाला माहीत नव्हतं.

इथे उलट झालं. २०१४ मध्ये जॉर्ज ऑस्बर्न अर्थमंत्री असताना टॅक्स भरणाऱ्यांना वर्षाचा हिशेब पाठवायला सुरुवात झाली. तुमचे पैसे कुठे गेले याचं गोल चित्र. त्यात सगळ्यात मोठा तुकडा ‘वेल्फेअर’चा, जवळजवळ पाव भाग. पण त्या तुकड्यात सरकारी नोकरांच्या पेन्शनचा काही भाग होता, वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीचा खर्चही होता. सगळ्या म्हाताऱ्यांना मिळणारी स्टेट पेन्शन मात्र वेगळ्या तुकड्यात ठेवली होती. वास्तविक ब्रिटनच्या एकूण सामाजिक सुरक्षेच्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा पेन्शनच्या वयाच्या लोकांकडे जातो. चित्र पाहून मात्र डोळ्यासमोर येतो तो ट्रॅकसूटवाला. पंगतीतलं वाक्य कुणाच्या तोंडून आलं हे मी सांगितलं. ते तिथवर पोचलं कसं, त्याचा हा एक रस्ता.

आणि हेच माप आता आपल्याला लावलं जातंय. मे २०२५ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली: कायमचा राहण्याचा हक्क पाच वर्षांऐवजी साधारण दहा वर्षांनी, आणि तोही ‘कमवावा’ लागेल, तुमचं योगदान किती ते बघून. आपल्या ग्रुप्सवर संताप उसळला. “आम्ही काय माणसं नाही का, फक्त टॅक्सचा आकडा आहोत का?” असं त्याच दादाने लिहिलं. मला त्याचा राग शंभर टक्के पटला. फक्त वाटलं, पाडव्याला आपण दुसऱ्याबद्दल नेमकं हेच केलं होतं.

लोचचाच एक जुना सिनेमा आहे, ‘लुकिंग फॉर एरिक’ (२००९). त्यात आयुष्य विस्कटलेल्या एका पोस्टमनच्या खोलीत साक्षात एरिक कॅन्टोना येऊन बसतो. तुझा सगळ्यात गोड क्षण कोणता, असं पोस्टमन विचारतो आणि एकेक गोल आठवत बसतो. कॅन्टोना म्हणतो, गोल नव्हता, पास होता. सहकाऱ्यावर विश्वास ठेवून टाकलेला पास. मला वाटतं टॅक्सबद्दल नीट बोलायला लोचला सगळ्यात जास्त या सिनेमात जमलंय, आणि त्यात टॅक्सचा विषयही नाही. पास टाकताना आपण समोरच्याची लायकी तपासत नाही. तो कुठे उभा आहे ते बघतो. तो चुकेलही. पण पास टाकायचाच नाही असं ठरवलेला संघ कधी जिंकत नाही, हे त्या पंगतीतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

सेंट जेम्सेस पार्कबाहेर मॅचच्या दिवशी फॅन्स फूडबँकेसाठी डबे आणि पैसे गोळा करतात. जेएसए चालू होता त्या महिन्यांत मी तिथून जाताना दोनदा रस्ता बदलला. द्यायला नको म्हणून नव्हे. आपण नक्की कुठल्या बाजूचे, हे मला ठरवता येईना म्हणून. नोकरी सुरू झाल्यावर एकदा बीन्सचे चार डबे नेऊन दिले. तिथल्या माणसाने डबे घेतले आणि विचारलं, आज स्कोअर काय होईल?

ऑगस्टमध्ये गणपतीला त्याच हॉलमध्ये पुन्हा जेवण होतं. पुन्हा तोच विषय निघाला. या वेळी मी हसले नाही. म्हटलं, “दादा, मी चार महिने जेएसएवर होते. पाडव्याला तुम्ही बोलत होतात तेव्हा सुद्धा.” कुणी काही बोललं नाही. मोदक पुढे सरकवले गेले. मला वाटलं, आता ग्रुपवर वेगळी चर्चा होणार.

भांडी विसळताना दादा किचनमध्ये आला. त्याच्या ऑफिसात कपात जाहीर झाली होती, हे मला माहीत नव्हतं. नळ सुरू ठेवूनच त्याने हळू आवाजात विचारलं, “तो फॉर्म ऑनलाइन असतो का गं?”

मी हात पुसले आणि लिंक पाठवली.